बोटीच्या जीपीएस संचातील सोल्डर केलेला सेल बदलताना

प्रतिनिधी, सावेडी (अहिल्यानगर)

घरातील संगणक बरेच दिवस बंद राहिला, पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर भलत्याच वर्षाची तारीख उमटली, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी सावेडीच्या पाइपलाइन रस्त्यावरील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात संगणक नेला, तर कारागीर झाकण उघडतो, खोबणीतील नाण्याएवढा सेल नखाने उचकटतो, नवा बसवितो आणि पाच-दहा मिनिटांत ग्राहकाला मोकळे करतो. बंद संगणकातील घड्याळ चालू ठेवणे एवढेच त्या सेलचे काम. तो संपल्याने गेली ती तारीख, ती पुन्हा घालता येते.

सावेडीपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्र आहे. ससून डॉक, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरात लागलेल्या मासेमारी बोटींच्या केबिनमध्ये जे जीपीएस संच, प्लॉटर आणि फिश फाइंडर असतात, त्यांपैकी अनेक जुन्या संचांत अशाच जातीचा सेल असतो. फरक दोन गोष्टींचा. तो खोबणीत नसतो, सर्किट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. आणि तो संपला की केवळ तारीख जात नाही, तांडेलाने वर्षानुवर्षे जमविलेल्या समुद्रातील जागांची सारी नोंद एका रात्रीत पुसली जाते.

ही नोंद म्हणजे नेमके काय, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी कोळी बांधव किनाऱ्यावरील डोंगर, मंदिराचा कळस, दीपस्तंभ अशा दोन-दोन खुणा एका रेषेत आणून समुद्रातील जागा ओळखत. किनारा दृष्टीआड गेला की ही पद्धत संपे. अमेरिकेने २ मे २००० रोजी नागरी जीपीएसच्या संकेतातील हेतुपुरस्सर राखलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत सुमारे १०० मीटरपर्यंत जाणारी चूक त्यामुळे १०-२० मीटरच्या घरात आली आणि हे संच मच्छीमारांच्या खऱ्या उपयोगाचे झाले. मासळी कोठे लागते, कोणत्या बुडालेल्या खडकावर जाळे फाटते, बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा कोठे आहे, या जागा संचात साठविल्या जाऊ लागल्या. या साठविलेल्या बिंदूंना वेपॉइंट म्हणतात. त्यांची यादी ही त्या बोटीची पुंजीच असते आणि ती सहसा दुसऱ्या बोटीला दाखविली जात नाही.

यात जिवाचाही प्रश्न आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी भागातील अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि भारत-पाकिस्तान सागरी सीमेजवळ पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत. पाण्यावर रेषा नसते. सर क्रीकचा वाद सुटलेला नसल्याने त्या भागातील सागरी सीमाही दोन्ही देशांनी मिळून निश्चित केलेली नाही. अशा ठिकाणी ‘याच्या पलीकडे जायचे नाही’ म्हणून तांडेलाने साठविलेले बिंदू आणि त्यांवर लावलेला धोक्याचा गजर हाच आधार असतो. सेल संपला तर तो गजरही जातो. सकाळी संच नेहमीसारखा सुरू होतो, स्थानही बरोबर दाखवितो, त्यामुळे काही हरवले आहे हे लक्षात यायला वेळ लागतो.

हे संच किती बारकाईने लक्षात ठेवतात, याचे एक विदारक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी दहशतवाद्यांनी पळविलेल्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीवर सापडलेल्या जीपीएस संचातील नोंदी नंतर कसाबवरील खटल्यात पुराव्यादाखल मांडल्या गेल्या.

सेल कशासाठी आणि किती दिवस

जुन्या संचांत वेपॉइंट ज्या स्मृतीत राहतात, तिला सतत विजेचा अत्यल्प पुरवठा लागतो. बोटीची १२ किंवा २४ व्होल्टची मोठी बॅटरी चालू असेपर्यंत तो तेथून मिळतो. मुख्य पुरवठा तुटताच ३ व्होल्टचा लिथियम सेल ती जबाबदारी उचलतो. तोच आतील घड्याळ चालवितो आणि उपग्रहांच्या भ्रमणाचे वेळापत्रक, म्हणजे आल्मनाक, जपून ठेवतो. नंतरच्या पिढीतील संचांत वेपॉइंट फ्लॅश स्मृतीत ठेवले जातात. तिला वीज लागत नाही, त्यामुळे तेथे सेल संपला तरी जागा शाबूत राहतात, फक्त स्थान दाखवायला वेळ लागतो. आपला संच कोणत्या प्रकारचा, हे पुस्तिकेत पाहून घेणे हे पहिले काम.

हिशेब सोपा आहे. सीआर २०३२ या सर्वपरिचित सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. संचाची स्मृती ५ मायक्रोअँपिअर वीज घेत असेल, तर हा सेल ४४,००० तास, म्हणजे साधारण पाच वर्षे पुरेल. केबिनमधील उन्हाळी उष्णता आणि खारट दमटपणाने बोर्डावर होणारी सूक्ष्म गळती यांमुळे प्रत्यक्षात आयुष्य कमी भरते.

येथे कोकणचे ऋतुमान आडवे येते. जून-जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, मोठ्या बॅटऱ्या उतरविल्या जातात. हंगामात संच बहुतेक वेळ मुख्य पुरवठ्यावर असतो, परंतु या दोन महिन्यांत सारा भार त्या इवल्या सेलवर पडतो, आणि हवा सर्वांत दमट असते तीही याच काळात. म्हणून थकलेला सेल बहुधा याच दिवसांत मान टाकतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोट पाण्यात लोटल्यावर संच कोरा सापडतो. सेल बदलण्याची योग्य वेळ बंदी सुरू होण्यापूर्वीची, संपल्यानंतरची नव्हे.

सेल थकल्याची चिन्हे ओळखीची असतात. काही संच पडद्यावर बॅटरीचे चित्र दाखवून सूचना देतात. इतरांत, सुरू केल्यावर स्थान मिळायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतो, भाषा किंवा एकके आपोआप बदललेली दिसतात. मात्र तारीख चुकली म्हणजे सेलच गेला, असे समजू नये. जीपीएस संकेतात आठवड्याचा क्रमांक फक्त १०२३ पर्यंत मोजला जातो आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हा फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण झाला, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. या फेऱ्यामुळे अनेक जुने संच सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवितात, स्थान मात्र अचूक देतात. त्यावर नवा सेल हा उपाय नाही.

सोल्डर का केलेला असतो?

ग्राहकाने सेवा केंद्रातच यावे म्हणून कंपन्या सेल डाखून टाकतात, असा समज आहे. मोबाइल संचांबाबत त्यात तथ्य असेलही. बोटीवरील संचाबाबत मात्र कंपनीची बाजू बळकट आहे. डिझेल इंजिनाची थरथर दिवसभर चालू असते आणि खारी हवा पितळी पट्ट्यांवर गंज चढविते. खोबणीतील सेलचा स्पर्श क्षणभर सुटला, तरी स्मृती कोरी होते. पट्ट्या बोर्डावर पक्क्या जोडल्या की ही भीती उरत नाही. म्हणूनच दुरुस्तीच्या वेळी ‘पुढच्या खेपेला सोपे जाईल’ म्हणून जे कारागीर खोबणी बसवून देतात, ते घरच्या संगणकाचा न्याय बोटीला लावतात. किनाऱ्यावरील कार्यालयात ठेवलेल्या संचाला खोबणी चालेल, बोटीवर नको.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांनी हाच भेद मान्य केला आहे. त्या नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येण्याजोगी असली पाहिजे. पाण्याचे फवारे किंवा बुडणे सोसण्यासाठी बनविलेल्या उपकरणांना त्यातून सवलत आहे, पण तेथेही स्वतंत्र व्यावसायिक कारागिराला ती बदलता आली पाहिजे, अशी अट आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे घेण्यात आली. बोटीवरील उपकरणांसाठी वेगळे क्षेत्र त्यात नाही, त्यामुळे मालकाची भिस्त विक्रेत्यावर किंवा ओळखीच्या कारागिरावरच राहते.

आधी वही, मग पेचकस

काम कोणाकडूनही करून घ्यावे, पण संच उघडण्यापूर्वी सर्व वेपॉइंट उतरवून घेतलेच पाहिजेत. संगणकाला जोडण्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर पडद्याची एकेक छायाचित्रे घ्यावीत आणि वहीतही लिहावे. लिहिताना एक चूक हमखास होते. बहुतेक संच अंश आणि दशांश मिनिटे दाखवितात, तर लिहिणारा सवयीने अंश, मिनिटे, सेकंद लिहितो. उदाहरणार्थ १८ अंश ५५.५०० मिनिटे म्हणजे १८ अंश ५५ मिनिटे ३० सेकंद. ते कोणी ‘५५ मिनिटे ५० सेकंद’ असे उतरविले, तर २० सेकंदांचा फरक पडला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे हा फरक सहाशे मीटरहून अधिक झाला. बुडालेला खडक टाळायला तेवढी चूक पुरे आहे.

वेपॉइंटबरोबर संचाची मांडणीही टिपून ठेवावी. विशेषतः फिश फाइंडरला किंवा वायरलेस संचाला स्थान पुरविणाऱ्या जोडणीचा वेग, जो जुन्या संचांत बहुधा ४८०० असतो. सेल काढल्यावर संच कारखान्यातील मूळ मांडणीवर जातो, मग ‘जीपीएस चालतो, पण फिश फाइंडरवर आकडे येत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते आणि दोष नव्या सेलवर येतो.

आता सेलची ओळख. वर कोरलेल्या अक्षरांकडे दुर्लक्ष करणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. ‘सीआर’ आणि ‘बीआर’ हे एकदाच वापरायचे लिथियम सेल. ‘एमएल’ आणि ‘व्हीएल’ हे पुन्हा चार्ज होणारे. दिसायला दोन्ही सारखेच, नाममात्र दाबही ३ व्होल्टच. आकड्यांतील पहिले दोन अंक मिलिमीटरमधील व्यास सांगतात आणि शेवटचे दोन जाडी, जसे २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी साधा सीआर सेल जोडला, तर संच त्याला चार्ज करू पाहतो. सेलमध्ये वायू साठतो, तो गळतो, प्रसंगी फुटतो. उलट केले तर धोका नाही, परंतु एमएल सेलची क्षमता मुळात तोकडी असल्याने तो लवकरच रिता होतो. ‘एलआयआर’ हा तिसरा प्रकार बाजारात सहज मिळतो. तो चार्ज केल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. ३ व्होल्टच्या मंडलात त्याला स्थान नाही.

अक्षरे पुसली असल्यास जुना सेल काढल्यानंतर संचाला मुख्य पुरवठा देऊन रिकाम्या जागी मल्टिमीटर लावून पाहावा. तेथे ठाम दाब दिसला, तर संच सेल चार्ज करतो असे समजून खातरजमा होईपर्यंत नवा सेल जोडू नये. जुन्या सेलचा दाब मोजून उरलेले आयुष्य ठरविण्याचा प्रयत्न मात्र व्यर्थ आहे. लिथियम सेल अखेरपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग झपाट्याने घसरतो. २.५ व्होल्ट दिसले तर तो संपलाच, ३ व्होल्ट दिसले तर काहीच सिद्ध होत नाही.

टेबलावरचे काम

मुख्य पुरवठा तोडावा, मागील झाकणाचे स्क्रू क्रमाने ठेवावेत, रबरी सील फाटू देऊ नये. स्थिर विजेची काळजी किनाऱ्यापेक्षा आपल्याकडे अधिक घ्यावी लागते. नगरच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना जी ठिणगी उडते, ती स्मृतीची चिप मारायला पुरेशी असते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा.

सेलवर थेट सोल्डर कधीही करू नये. लिथियम धातू सुमारे १८०.५ अंश सेल्सिअसला वितळतो. नेहमीचे ६३-३७ कथील-शिसे सोल्डर वितळते १८३ अंशांना आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याहून कितीतरी अधिक, ३५० अंशांच्या आसपास तापलेले असते. याचा अर्थ, सोल्डर सेलच्या पाठीवर नीट धरेल तेव्हा आतील लिथियम वितळण्याच्या बेतात असेल. यासाठीच कारखान्यात सेलला निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावलेल्या असतात. क्षणार्धात होणाऱ्या त्या जोडाची उष्णता आत पोहोचत नाही. दुकानातून ‘टॅग’ लावलेलाच सेल मागावा. साधा सेल आणून त्याला वायर डाखून देणारा कारागीर पैसे वाचवितो, पण त्या सेलचे आयुष्य तेथेच अर्धे करतो.

जुना सेल काढताना दोन्ही पाय एकदम तापवून ओढण्याचा मोह होतो. ऋण पाय बहुधा तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला असतो, तो उष्णता खेचून घेतो आणि जोर लावताच बोर्डावरील तांबे उपटून येते. त्याऐवजी पट्ट्या बारीक कटरने कापाव्यात. एका वेळी एकच कापावी, कटरने दोन्ही ध्रुव जोडले जाता कामा नयेत. मग उरलेले पाय एकेक करून काढावेत आणि भोके तांब्याच्या जाळीदार वातीने साफ करावीत. धन-ऋण बाजूचे छायाचित्र आधीच घेतलेले असावे. बोर्डावर वार्निशचा थर असेल तर जोडाभोवतीचा तेवढा खरवडावा आणि शेवटी पुन्हा द्यावा.

संच चालू ठेवून, मुख्य पुरवठ्यावर स्मृती जिवंत राखत सेल बदलणारेही कारागीर असतात. हात स्थिर असेल तर ते साधते. पण आयर्नचे टोक घसरले तर वेपॉइंट आणि संच दोन्ही जातात. वहीत नोंद असेल तर या धाडसाची गरज नाही.

१९८०-९० च्या दशकांतील काही उपकरणांत लिथियमऐवजी निकेल-कॅडमियमचे ३.६ व्होल्टचे डबीवजा सेल सापडतात. ते गळतात आणि त्यांतील क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर हातमोजे घालून, सौम्य व्हिनेगरच्या बोळ्याने क्षार मारून, डिस्टिल्ड पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण वाळवावा. नुसता सेल बदलून असे संच टिकत नाहीत.

झाकण बंद करताना सीलला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे आंबूस वासाचे सिलिकॉन सीलंट वापरू नये. ते सुकताना सुटणारे अॅसिटिक आम्ल बंद डब्यात तांब्याला गंजविते.

याला हात लावू नका

वरील सारे केवळ मार्गदर्शक उपकरणांना लागू आहे. संकटात जीव वाचविणाऱ्या उपकरणांचा सेल बदलण्याचा अधिकार गल्लीतील दुकानाला नाही, मग कारागीर कितीही कुशल असो. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारे आपत्कालीन बीकन समुद्रात पडल्यावर ४८ तास चालेल अशा हिशेबाने त्याची बॅटरी निवडलेली असते. ती अधिकृत केंद्रातच, जलरोधक चाचणीसह बदलली जाते. १२१.५ मेगाहर्ट्झवरच्या जुन्या बीकनची उपग्रहांद्वारे दखल घेणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले आहे. त्यांत नवा सेल घालून उपग्रहाकडून मदतीची आशा धरता येत नाही.

‘इस्रो’ने मच्छीमारांसाठी तयार केलेले डॅट हे संकट-संदेश उपकरण आणि ट्रान्सपाँडर यांनाही हाच नियम लावावा. सुमारे एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच पंतप्रधानांच्या हस्ते झाला. सील तुटलेले असे उपकरण बोटीवर असणे हे नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस खोल समुद्रात जातो.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलनात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लहान मूल असलेल्या घरात, मग ते कोळीवाड्यात असो की सावेडीत, असा सेल टेबलावर पडू देऊ नये. गिळला गेल्यास तो अन्ननलिकेला दोन तासांतही भाजू शकतो. संपलेल्या वाटणाऱ्या सेललाही हे लागू आहे. अशी शंका येताच मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

नवा सेल बसविलेला संच पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा तो बंदरातच, उघड्या आकाशाखाली सुरू करा. आल्मनाक नव्याने उतरवून घ्यायला त्याला साडेबारा मिनिटे लागतात, क्वचित त्याहून अधिक. तेवढ्यात वहीतील बिंदू भरायला घेता येतात. ते भरून झाल्यावर मुख्य पुरवठा तोडून संच रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी यादी जशीच्या तशी आहे ना, हे पाहूनच नांगर उचलावा.